कौलाचे वय

यंदाच्या चैत्रात आमच्या गव्हाणच्या घराच्या विम्याचे नूतनीकरण करावयाचे म्हणून अर्ज भरावयास बसलो, आणि नाव, मौजे गव्हाण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, भिंती कशाच्या, क्षेत्रफळ किती, हे सारे रकाने विनासायास भरून झाल्यावर ‘छपराचे वय’ या एका रकान्यापाशी जी लेखणी थांबली, ती तीन दिवस पुढे सरकली नाही. प्रश्न दोन शब्दांचा आणि उत्तर एका आकड्याचे. परंतु आमच्या छपराला एक जन्मतिथी नाही. आढे आणि खांब ऐनाचे, वडिलांनी १९५१ साली घर बांधले तेव्हाचे. त्यावर प्रथम नळीची कौले होती, ती १९६४ साली उतरवून मंगलोरी कौले घातली. पश्चिमेच्या पाख्याचे वासे आणि रिपा १९८९ साली बदलल्या. २०२० साली वादळाने नेलेली तीनशेहून अधिक कौले त्याच पावसाळ्यापूर्वी धावपळ करून आणून चढवली. आणि या सर्व काळात दर वैशाखी घर शाकारताना जी फुटकी कौले निघाली व त्यांच्या जागी जी चांगली बसली, त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मग हे छप्पर किती वर्षांचे म्हणावे?

त्याच सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याच्या विमा कंपनीने त्याला कळवले होते की, त्याचे छप्पर सतरा वर्षांचे झाले असून ते बदलावे, अथवा अधिकृत तपासनीसाकडून त्याचे उर्वरित आयुष्य प्रमाणित करून घ्यावे, नाहीतर विम्याचे नूतनीकरण होणार नाही. “काका, एक थेंब गळत नाही हो,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तिकडची छपरे डांबरी थरांच्या पातळ तुकड्यांची असतात. ती एका दिवसात सबंध चढतात आणि काही वर्षांनी एका दिवसात सबंध उतरतात, म्हणून त्यांचे वय माणसाच्या वयासारखे मोजता येते. चक्रीवादळांच्या त्या प्रदेशात जुन्या छपराच्या घरांना विमा नाकारण्याची रीत इतकी वाढली की, २०२२ साली तेथील विधिमंडळाला कायदा करावा लागला: छप्पर पंधरा वर्षांच्या आतले असेल तर केवळ वयाच्या कारणाने विमा नाकारता येणार नाही, आणि पंधरा वर्षांच्या पुढचे असेल तर मालकाला तपासणी करवून घेण्याची संधी द्यावी, त्या तपासणीत पाच वर्षांचे आयुष्य शिल्लक निघाले तर वयाची सबब चालणार नाही. समुद्रापलीकडच्या त्या घराला आणि आमच्या खाडीकाठच्या घराला एकाच ऋतूत एकच प्रश्न विचारला जावा, याचा मला प्रथम अचंबा वाटला. नंतर वाटले, हा प्रश्न विमा कंपन्यांनी शोधून काढलेलाच नाही. तो आपल्या दर्शनकारांनी हजार-दीड हजार वर्षे घासूनपुसून लखलखीत ठेवलेला आहे, आणि आपण मात्र तो पोथीत बांधून माळ्यावर टाकला आहे.

नैयायिकाला विचारले तर तो आमच्या छपराचे वय एक वर्ष सांगेल. त्याच्या मते अवयवांहून अवयवी हा वेगळा, खराखुरा पदार्थ आहे. तंतूंहून पट वेगळा. पटातून एक तंतू काढला की तो पट नाश पावतो आणि उरलेल्या तंतूंचा नवा ‘खंडपट’ जन्माला येतो. हा सिद्धांत विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा मला तो अतिरेकी वाटला होता. आज त्या रकान्यासमोर बसल्यावर त्यातील प्रामाणिकपणा जाणवला. वैशाखात चाळीस कौले बदलली, तर ज्येष्ठात जे छप्पर पहिला पाऊस झेलते ते चैत्रातले छप्पर नव्हेच. ‘तेच हे’ अशी जी ओळख आपल्याला पटते, ती आकाराच्या सारखेपणामुळे.

बौद्धाला विचारले तर तो वयाचा प्रश्नच मान्य करणार नाही. राजा मिलिंदाला नागसेनाने रथाचे चाक, आस, जू एकेक वेगळे दाखवून ‘यात रथ कोणता’ असे विचारले, आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देऊन सांगितले की, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत ही तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे. छप्पर हे त्या ज्योतीसारखे. परंतु बौद्ध याहून पुढे जातो, आणि त्याचे पुढचे पाऊल विम्याच्या थेट मर्मावर पडते. ते समजावे म्हणून मला २०२० सालच्या वादळाकडे वळले पाहिजे.

३ जून २०२०, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ भर दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी १०० ते १२० किलोमीटरच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांची जी दैना केली तिच्यापुढे आमच्या पनवेल-उरणकडची हानी थोडीच म्हटली पाहिजे. तरीही आमचे पश्चिमेचे पाखे उघडे पडले, दोन वासे मोडले आणि माजघरातून आभाळ दिसू लागले. महासाथीचे दिवस, रस्ते बंद, कामाला माणूस मिळेना. पुढे घराचा विमा होता म्हणून विमा कंपनीचा सर्वेक्षक आला. तो सभ्य आणि अभ्यासू गृहस्थ होता, आणि त्याच्या वागण्याविषयी माझी तक्रार नाही. त्याने शिडी लावून मोडलेल्या वाशाचे टोक हातात घेतले, नखाने खरवडले, आणि वाळवीने पोखरलेला भुसा माझ्या तळहातावर ठेवून शांतपणे विचारले, “हा वासा वाऱ्याने मोडला असे आपण म्हणता, तो मोडण्याच्या बेतातच नव्हता का?” दाव्याची रक्कम त्या प्रश्नावर निम्म्याहून कमी झाली. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत असे आपण म्हणतो. त्या दिवशी आयुष्यात प्रथम मी स्वतःच्या घरचे वासे मोजले.

तो प्रश्न माझ्या मनातून आजतागायत गेलेला नाही, आणि तो जसाच्या तसा बौद्ध आचार्य वसुबंधूचा आहे. घट फुटतो तेव्हा मुद्गराने तो फोडला असे आपण म्हणतो. वसुबंधू आणि त्याच्यामागून धर्मकीर्ती म्हणतात की, विनाशाला बाहेरचे कारण लागतच नाही. जे उत्पन्न झाले ते स्वभावानेच नाशवंत आहे. मुद्गराचा घाव पडला नसता तरी तो घट क्षणोक्षणी नाश पावतच होता. घावामुळे झाले ते इतकेच की, सारख्या घटक्षणांची जी मालिका चालली होती तिच्या जागी खापऱ्यांची मालिका सुरू झाली. याला ते निर्हेतुक विनाश म्हणतात. नैयायिकांनी याचा कसून प्रतिवाद केला; उद्योतकरापासून उदयनापर्यंत ही परंपरा चालते, आणि उदयनाचा ‘आत्मतत्त्वविवेक’ तर क्षणभंगाच्या खंडनानेच आरंभ होतो. नैयायिक म्हणतो, उत्पत्तीला जसे कारण लागते तसे ध्वंसालाही लागते; मुद्गर पडण्यापूर्वी घट धडधाकट होता, पडल्यावर नाही, तेव्हा मुद्गर हेच कारण. या दोन पक्षांमधला वाद आजच्या वाचकाला शाब्दिक कसरत वाटण्याचा संभव आहे. ज्याने वाळवीचा भुसा तळहातावर घेऊन आपल्या दाव्याची रक्कम कमी होताना पाहिली आहे, त्याला तो तसा वाटणार नाही.

विम्याच्या कायद्याला हा वाद ठाऊक आहे, मात्र संस्कृत नावाने नव्हे. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमाच्या पंचावन्नाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, साधारण झीज, साधारण गळती, साधारण मोडतोड आणि वस्तूच्या अंगच्या दोषाने किंवा स्वभावाने होणारी हानी यांस विमाकर्ता जबाबदार नाही. ते कलम जहाजांचे आणि मालाचे. परंतु त्यामागचे तत्त्व घराच्या विम्यालाही तितकेच लागू पडते. वस्तूच्या स्वभावात असलेला विनाश हा विम्याचा विषयच नव्हे, आणि विचार केल्यास हे न्याय्यही आहे. जे घडेल की नाही हे अनिश्चित, त्याचाच भार पुष्कळांनी थोडा थोडा उचलता येतो. हजार घरांपैकी दहांवर झाड पडते, आणि उरलेल्या नऊशे नव्वदांच्या हप्त्यांतून त्या दहांचे छप्पर उभे राहते. जीर्णता मात्र हजारांपैकी हजारांनाही येते. जे सर्वांच्या वाट्याला निश्चित आहे ते कोणाच्या पदरातून कोणाला द्यावयाचे?

म्हणून झीज नाकारणाऱ्या त्या कलमाशी माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो एका सूक्ष्म सरमिसळीला. नागार्जुनाने संवृतिसत्य आणि परमार्थसत्य असा भेद केला, आणि आपल्या वेदान्त्यांनीही व्यावहारिक आणि पारमार्थिक या दोन पातळ्या वेगळ्या ठेवल्या. परमार्थतः बौद्धाचे म्हणणे खरे असेल: आमचे आढे १९५१ च्या ज्या दिवशी खांबांवर चढले त्याच दिवसापासून मोडत होते. परंतु विमा ही निखळ व्यवहाराची वस्तू आहे. तिथे हप्ता घेतला जातो, मुदत लिहिली जाते, सही होते. तिथे ‘सर्व काही नाशवंतच आहे’ हे परमार्थाचे सत्य दाव्याच्या दिवशी कपाटातून बाहेर काढता येत नाही. काढले, तर ते प्रत्येक दाव्याला लागू पडेल, कारण ज्या घरात विनाशाचे बीज नाही असे घर नाही. व्यवहारात न्याय नैयायिकाचाच चालला पाहिजे, आणि त्याच्याजवळ या कामाचे हत्यारही आहे. तो अन्वय आणि व्यतिरेक विचारतो: वादळ होते तिथे हानी झाली का, आणि वादळ नव्हते तिथे हानी टळली का? त्याच दुपारी त्याच वाऱ्याने आमच्या आळीतील दोन वर्षांच्या नव्या पत्र्यांचे छप्परही उचलून शेतात टाकले होते; आणि वाळवी लागलेले तेच वासे, वादळ नसलेल्या आदल्या साऱ्या पावसाळ्यांत, तीन हजार मिलिमीटरचा पाऊस अंगावर घेऊन उभे होते. जे नसतानाही कार्य घडते, ते न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ ठरते. घटासाठी माती वाहून आणणारे गाढव घटाचे कारण होत नाही. वाळवी सर्वस्वी अन्यथासिद्ध होती असे मी म्हणणार नाही, ते असत्य होईल. तिने वाऱ्याला हात दिला. पण हात देणारा आणि करणारा यांत शास्त्राने केलेला भेद विम्याच्या कागदात पुसट व्हावा, हे मला योग्य वाटत नाही.

या बाबतीत आपल्याकडे एक समाधानाची गोष्ट घडली आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हा एकाच मसुद्याचा घरविमा लागू केला. त्यात इमारतीची किंमत ती पुन्हा बांधण्यास लागणाऱ्या खर्चावरून धरतात. घर जुने म्हणून घसारा वजा करून भरपाई देण्याची रीत त्यात नाही, आणि रक्कम थोडी कमी नोंदली गेली तर त्या प्रमाणात दावा कापण्याचीही नाही. वस्तूच्या जीर्णतेचा दंड तिच्या धन्याला करू नये, हा विचार त्यामागे आहे. घसारा हा शब्द ग्रामपंचायतीच्या घरपट्टीत मात्र वेगळ्या रूपाने भेटतो: तिथे इमारत जुनी होईल तसे तिचे करयोग्य मूल्य उतरते. जुनेपणाबद्दल घरपट्टीत सवलत आणि विम्यात संशय, अशी ही जीर्ण घराची दुहेरी कहाणी.

मराठीत विमा ‘उतरवतात’. हे क्रियापद माझ्या मनाला लागून राहिलेले आहे, कारण याच क्रियापदाने आपण दृष्टही उतरवतो. मीठ-मोहऱ्या उतरवणारी आई आणि हप्त्याची पावती फाडणारा कारकून यांना भाषेने एका ओळीत बसवले, ते अज्ञानाने नव्हे. दोघेही डोक्यावरचे भय उतरवीत असतात. विमा या शब्दाचे नातेही फारसीतील भयवाचक ‘बीम’शी सांगतात. उलट आपल्या जुन्या शब्दात भय नाही: तो शब्द योगक्षेम. शंकराचार्य गीतेवरील भाष्यात त्याची फोड करतात की, न मिळालेले मिळवणे तो योग आणि मिळालेले राखणे ते क्षेम. आणि हा शब्द १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले ब्रीद म्हणून घेतला. मिळालेले राखणे! यातले राखणे कोणाचे? देवाचे, कंपनीचे, की ज्याचे घर आहे त्याचे?

या प्रश्नाचे उत्तर मला शास्त्रात जितके सापडले त्याहून अधिक एका साध्या मराठी शब्दात सापडले. विम्याचा मसुदा म्हणतो, झीज आम्ही देत नाही. मराठी भाषा म्हणते, झीज सोसावी लागते. ‘झीज सोसणे’ या शब्दप्रयोगात नुकसान आहे, खर्च आहे, आणि ते दुसऱ्याकरिता आपखुशीने पत्करणेही आहे. चंदन झिजते ते याच अर्थाने. घराची झीज घराने एकट्याने सोसू नये, घरात राहणाऱ्यांनी तिच्यात वाटा उचलावा, यासाठीच आमच्याकडे शाकारणी होती. आगोटीची कामे सुरू झाली, सरपण आत गेले, मीठ-मिरची-सुकी मासळी भरून झाली, की छपरावर माणसे चढत. एका घरचे पाखे चार घरची माणसे सावडीने करीत, आणि पाळीपाळीने आळी पुरी होई. कौल काढून, झाडून, पालथे-उताणे पाहून, नखाने वाजवून पुन्हा ठेवायचे. ज्याचा आवाज बद्द येई ते बाजूला. वडील त्या दिवशी आढ्याला नारळ वाढवीत, आणि त्याचे खोबरे कामाला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवीत. मी त्यांना धर्माविषयी फारसे बोलताना ऐकले नाही. परंतु अथर्ववेदातील शालासूक्ते वाचताना, जिथे गवत पांघरून उभ्या असलेल्या घराला एखाद्या कुलस्त्रीला विनवावे तसे स्थिर राहण्याविषयी विनवले आहे, तिथे मला छपरावर ओणवे बसलेले वडील दिसतात. घर टिकेल हे त्या ऋषीने गृहीत धरलेले नाही. तो दरवेळी विनवतो, आणि विनवून झाल्यावर खांब रोवतो.

ज्यांच्याकडून ही झीज सोसली जात नाही, त्यांचे काय? सर्वेक्षकाने मला विचारलेला प्रश्न माझ्या बाबतीत रास्त होता; मला त्या वर्षी वासे बदलणे परवडले असते आणि मी ते टाळले. पण पनवेल तालुक्याच्या डोंगराकडेला कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. तिथले छप्पर जीर्ण राहते ते कोणाच्या आळसाने नव्हे. विम्याच्या परिभाषेत फळ्या, गवत, पेंढा, बांबू, कापड, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छपरे असलेले बांधकाम ‘कच्चे’ ठरते, आणि कच्चे म्हटले की विमाकर्ता हात आखडतो. सरकारी मदतीतही अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के हानीची अट असते, आणि कच्च्या घरावरची ताडपत्री उडाली तर तलाठ्याने ती हानी घराच्या किती टक्के म्हणून लिहावी? आमच्या गावांत तर आणखी एक पेच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या शहरासाठी या पट्ट्यातील गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. गावठाणे तेवढीच राहिली आणि कुटुंबे वाढली. गरजेपोटी गावठाणाबाहेर बांधलेल्या घरांचा प्रश्न अजून कागदोपत्री भिजत पडला आहे. शेजारच्या जासईला जानेवारी १९८४ मध्ये याच जमिनीसाठी शेतकऱ्यांनी रक्त सांडले. ज्या घराचा कागद पक्का नाही, त्याचे छप्पर कितीही पक्के असो, विम्याच्या दाराशी ते कच्चेच.

जुन्या मराठी सनदा-कागदांत याला शब्द होता: अस्मानी-सुलतानी. आभाळाने आणलेले आणि राजाने आणलेले संकट एका दमात उच्चारीत, आणि दोन्ही प्रसंगी रयतेला सूट देण्याचा करार असे. त्याआधी याज्ञवल्क्याने ठेवीच्या प्रकरणात हीच जोडी ‘राजदैविक’ म्हणून मानली. राजा, दैव किंवा चोर यांनी नेलेली ठेव परत करण्याचा भार ठेव सांभाळणाऱ्यावर त्याने टाकला नाही. याज्ञवल्क्यच अन्यत्र दैव आणि पुरुषकार यांना रथाच्या दोन चाकांची उपमा देतो. विम्याचे तत्त्वज्ञान दैवाचे चाक उचलते आणि पुरुषकाराचे चाक घरमालकावर सोडते; ते ठीक आहे. मात्र ज्याच्याजवळ दुसरे चाक बसवण्याची ऐपतच नाही त्याला ‘तुझा पुरुषकार उणा’ म्हणून पहिले चाकही नाकारणे, हे याज्ञवल्क्याने मान्य केले असते असे मला वाटत नाही.

आणि त्या जुन्या कराराला नाव होते कौल. सरकार रयतेला कौल देई, म्हणजे वचन देई. दक्षिण कोकणात आजही देवाला कौल लावतात आणि देव कौल देतो. आणि आमच्या डोक्यावर मातीचे कौल असते. शब्दकोशकार सांगतील की वचनाचा कौल अरबीतून आला आणि मातीच्या कौलाचे कूळ वेगळे. ते मला मान्य आहे. तरी छपराच्या विम्याचा कागद हातात घेतला की हे तिन्ही कौल मला एकत्रच दिसतात. आमचे मंगलोरी कौल तर मुळात एका धर्मसंस्थेच्या हातून आलेले: बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना घातला, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनी भाजलेले ते कौल पुढे कोकणातल्या देवळांवर आणि धर्मशाळांवरही चढले.

धर्माला छपराचे वावडे असते, असा एक समज आहे, आणि त्याला आधार म्हणून सुत्तनिपातातील धनिय गोपाची कथा सांगतात. मही नदीच्या तीरावरचा हा गवळी पावसाळ्याच्या तोंडाशी कृतार्थ होऊन म्हणतो की, माझी झोपडी शाकारलेली आहे, आत अग्नी पेटलेला आहे, आता पावसाने खुशाल यावे. आणि बुद्ध त्याला सांगतो की, माझी झोपडी उघडी आहे आणि आतला अग्नी विझलेला आहे, पावसाने खुशाल यावे. हे उत्तर लखलखीत आहे. परंतु त्याच बुद्धाने आपल्या भिक्षूंसाठी जे नियम घातले त्यांत, वर्षावास उघड्यावर करू नये, निवाऱ्याच्या जागीच करावा, असा नियम आहे. अनित्यतेचा सर्वांत मोठा उपदेशक पावसाचे तीन महिने आपल्या शिष्यांना छपराखाली पाठवतो! मला या दोन वचनांत विसंगती दिसत नाही. पहिले परमार्थाचे आहे, दुसरे व्यवहाराचे. आणि करुणा ही नेहमी व्यवहारातच करावी लागते.

बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याचे चैत्य लागते. तिथे डोंगराच्या खोदीव छताला आतून लाकडाच्या कमानदार फासळ्या लावलेल्या आहेत. छत दगडाचे असल्यामुळे त्यांच्यावर कसलाच भार नाही, आणि तरी त्या बसवल्या, कारण ज्यांनी लेणे खोदले त्यांना छप्पर म्हणजे वासे हीच ओळख होती. सर्व काही क्षणिक आहे असे शिकवणाऱ्या संघाच्या त्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे तशाच आहेत. लाकडाचा स्वभाव बदलला म्हणून नव्हे. पाऊस त्यांच्यापर्यंत पोचला नाही म्हणून. स्वभावातला विनाश किती लांबणीवर टाकता येतो, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि सर्वेक्षक माझ्याशी बोलत होता तेव्हा मला हे आठवले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

तर तो रकाना. विम्याचा करार परम विश्वासाचा मानलेला आहे. जे घरमालकाला ठाऊक आणि विमाकर्त्याला ठाऊक नसते, ते न विचारताही सांगावे, अशी त्याची अट आहे. नैयायिकाच्या आधाराने ‘एक वर्ष’ लिहिणे मला शक्य होते, आणि वाद घातला असता तर कदाचित मी जिंकलोही असतो; पण तो शास्त्राचा दुरुपयोग झाला असता. मी प्रथम एका स्वतंत्र कागदावर सगळी साले लिहिली: आढे-खांब १९५१, कौले १९६४, पश्चिमेचे वासे १९८९, त्यांतले दोन आणि तीनशे कौले २०२०, शाकारणी दरसाल. तो अर्ज परत आला. रकान्यात एकच आकडा लागतो, असा शेरा होता. मग मी विचार केला की, कौले कितीही नवी असोत, ती वाशांवर आहेत, वासे आढ्यावर आहेत, आणि वादळाच्या दिवशी या घराचे जे काही व्हायचे ते आढ्याच्या बळावर होईल. मला कौल देणाऱ्याने आधी माझे सर्वांत जुने लाकूड पाहावे, हे मला योग्य वाटले. रकान्यात ७५ लिहिले आणि सही केली. हप्ता किती वाढेल ते अजून कळायचे आहे.

काल शाकारणीला माणसे आली. हल्ली चार घरची सावड जुळत नाही. रोजंदारीवर दोघे आणि एक सुतार. नव्या विमानतळाची विमाने डोक्यावरून उतरताना सुतार हातातले काम थांबवून कान देई, कारण आवाज ओसरल्याशिवाय लाकडाचा आवाज ऐकू येत नाही. पश्चिमेच्या पाख्याचा तिसरा वासा त्याने दोनदा ठोकून पाहिला, आणि म्हणाला, हा यंदा निघेल, पुढच्या वर्षावर ठेवू नका.